शामूच्या चौदा पुड्या

आमच्या गल्लीत अजून कोण ना कोण विचारतंयच, "नागुबाई, त्या खेळण्यांचं काय केलंस गं?" विचारणाऱ्याचं तोंड बघून मी उत्तर देते. चांगलं माणूस असलं तर म्हणते, हायत माळ्यावर. आगाऊ असलं तर म्हणते, तुझ्या तिरडीवर ठेवायला राखल्यात. असं बोलू नये, कळतंय मला. पण माझं तोंड पहिल्यापासनं असंच, आन् शामू गेल्यापासनं तर त्याला लगामच न्हाय.

शामू माझा धाकटा भाऊ, सात वर्सांनी लहान. आई-बाप लवकर गेले, म्हणून त्याला म्याच वाढवला. मी निपाणीत विड्या वळते, नवव्या वर्सापासनं. मांडीवर सूप घ्यायचं, पत्र्याचं माप ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. अक्षर मला एक येत न्हाय. आकडे येत्यात, कारण आकडे आल्याबिगर विडीवाल्या बाईचं चालत न्हाय. शामूला मातुर म्या आयटीआयला घातला. बेळगावजवळ मच्छ्याला एका कारखान्यात त्यो लेथवर लागला आन् एकतीस वर्सं तितंच राहिला. लग्न केलं न्हाय. म्या चार पोरी दाखवल्या. चारींस्नी त्यानं "चांगली हाय की" म्हटलं आन् पुढच्या बसनं मच्छ्याला निघून गेला. माझा नवरा तर लग्नानंतर आठ वर्सांतच वारलेला, पोरबाळ न्हाय. तवा मला शामू आन् शामूला मी, एवढाच आमचा परिवार.

त्याचं हे गाड्यांचं वेड कारखान्यातच सुरू झालं. परदेशातनं एक इंजिनेर मशीन बसवायला आलता. चार आठवडे शामू त्याच्या हाताखाली हुता. जाताना त्यानं शामूला एक बारकी पेटी दिली. आत प्लास्टिकच्या विटा, शेंगदाण्याएवढ्या, वर बटणं असलेल्या. एकीवर एक दाबल्या की कट्ट करून बसत्यात आन् त्यातनं रेल्वेचं इंजिन तयार हुतंय. दुसरा कुणी असता तर शेजारच्या पोराला देऊन टाकलं असतं. आमच्या येड्यानं ती वीट कारखान्यात नेऊन मायक्रोमीटरमधी धरली. मग दुसरी धरली. मग सगळ्या. त्या दिवाळीला आला तवा तोंडात दुसरा विषयच न्हाय. "आक्का, केसाचाबी फरक न्हाय गं. कुठलीबी कुठल्याबी विटेवर बसतीया. आम्ही एवढी मशिनं घेऊन बसतोय, आमच्या हातनं असं हुत न्हाय."

"मग त्याचं लोणचं घालायचंय काय?" म्या म्हटलं.

त्यो हसला. त्याला माझ्या बोलण्याचा राग कवाच यायचा न्हाय.

तवापासनं वर्साकाठी, दिवाळीला न्हायतर पाडव्याला, त्याच्या काखेत एखादी पेटी असायची. कवा बंगळूरहून मागवलेली, कवा फोनवरनं, कवा त्याच्या बेळगावातल्या दोस्ताकडनं घेतलेली. हा दोस्त म्हणजे सुहास, टिळकवाडीतला, बँकेतनं रिटायर झालेला. त्यालाबी हेच खूळ. इंजिनं, डबे, स्टेशन, पूल, नुसत्या रुळांच्या पेट्या. वर झकास चित्र असायचं. आन् शामू काय करायचा? पेटी प्लास्टिकात गुंडाळायचा, तंबाखूचा वास लागू नये म्हणून, आन् माळ्यावर ठेवायचा. फोडायचा न्हाय! त्या पहिल्या बारक्या पेटीनंतर एकबी कवा फोडली न्हाय त्यानं. मच्छ्याला त्याची खोली एवढीशी, हात लांब केला की भिंत लागायची. आन् शिफ्टची ड्युटी. म्हणायचा, "अर्धीमुर्धी मांडून मोडायची म्हणजे पाप हाय आक्का. रिटायर झालो की तुझ्या पुढच्या सोप्यात रूळ टाकतो. निपाणीला रेल्वे सरकार आणायचं तवा आणील. मी आधी आणतो."

दर दिवाळीला त्यो सोप्यातल्या फरशीवर खडूनं आखायचा. हितं स्टेशन, हितनं गाडी वळणार, सैपाकघराच्या दारात पूल, देवळीखाली मालधक्का. मी त्यातनं उड्या मारत चहा आणायची. "माझ्या चुलीवरनं नेऊ नकोस म्हणजे झालं," म्हणायची. जायच्या दिवशी सगळं पुसून जायचा. बावीस वर्सं हेच चाललं. माळ्यावर एकोणीस पेट्या झाल्या.

रिटायर व्हायच्या आधी दोन-तीन म्हैनं त्याचे हात दगा द्यायला लागलेले. ते मला नंतर कळलं. चावी हातातनं पडायची, शर्टाची गुंडी लागायची न्हाय. म्हणायचा, थकवा हाय. मे म्हैन्यात बाडबिस्तरा घेऊन निपाणीला आला. आता गाडी सुरू हुणार म्हणून मी वाट बघत बसले, तर हा म्हणतोय, आधी पाया. लेथवाल्याची जात ती! फरशीला उतार हाय, गाडी घसरंल, म्हणून सगळ्या सोप्यात सपाट फळ्या टाकायच्या म्हणला. रवळू सुताराला सांगितलं. त्या रवळूनं आज येतो, उद्या येतो करत दोन म्हैनं खाल्लं. शामू रोज पाणसळ घेऊन फळीवर बसायचा. पेट्या माळ्यावरच.

एक दिवस त्यानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. लहान पोर धरतंय तसा. मी बघितलं, त्यानं बघितलं की मी बघितलंय.

श्रावणात सुहासनं त्याला बेळगावला मोठ्या दवाखान्यात घातलं. आठ दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी शामूचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा, भाजीला काय केलंस विचारावं तसा. "आक्का, स्नायूच्या नसा मरत्यात म्हणं. औषध न्हाय. आधी हात जाणार, मग पाय, मग बोलणं. डोकं शेवटापर्यंत शाबूत राहणार."

म्या विचारलं, "हात किती दिवस?"

"दोन-अडीच म्हैनं चालतील म्हणत्यात. धड न्हाय, पण चालतील." मग म्हणला, "फळ्या, पूल, स्टेशन, सगळं ऱ्हाऊ दे. एक गाडी तरी माझ्या हातानं झाली पायजे गं. लाल इंजिनाची, तीन डब्यांची. तेवढी एकच."

"व्हईल रं," म्या म्हटलं. "मी हाय की."

फोन ठेवला. रडायला बसले असते तर बरं झालं असतं, आज वाटतंय. पण मी रडणारी बाई न्हवं, मी कामाला लागणारी बाई. म्या विचार केला, ह्याचे हात थोडे दिवसांचे. ते निवडण्यात कशाला घालवायचे? विडीच्या कामात वळायला बसायच्या आधी निवड करत्यात. पान भिजवायचं, मोठं-बारकं वेगळं करायचं, फाटकं बाजूला काढायचं, सगळं हाताशी मांडायचं. मग वळणारीचा हात थांबत न्हाय. तसंच सगळं मांडून ठेवते, म्हटलं. त्यो आला की नुसतं बसायचं आन् लावायचं.

शेजारच्या पूर्णिमाला हाक मारली. तीबी माझ्याबरोबर विड्या वळते. दोघींनी माळ्यावरच्या एकोणीसच्या एकोणीस पेट्या खाली घेतल्या. लाल गाडीचीच का न्हाय? मला वाटलं, आज एक म्हणतोय, हात चांगले चालले तर उद्या दुसरी मागंल. त्याला कशाला कमी पडू द्यायचं?

पेटीत पुड्या हुत्या. पारदर्शक प्लास्टिकच्या, प्रत्येकीवर आकडा. एक, दोन, तीन, चार. लाल गाडीच्या पेटीत चौदापर्यंत. आता आमच्या निपाणीत नंबर म्हणजे दर्जा. एक नंबरची तंबाखू, दोन नंबरची तंबाखू, पानाचंबी तसंच. मला दुसरं काय ठावं असणार? म्या एक नंबरची पुडी फोडली, मग नऊ नंबरची फोडली. दोन्हीतला माल उलथापालथा करून बघितला, नखानं दाबून बघितला. सारखाच! पूर्णिमाला म्हटलं, "बघ गं, तिकडंबी चोरच हायत. एकच माल, आन् नंबर बघ किती!" दोघी हसलो.

तीन दिवस आम्ही विडीला हात लावला न्हाय. सगळ्या पुड्या कात्रीनं कापल्या आन् ओतल्या. लाल एका सुपात, काळ्या दुसऱ्यात, करड्या परातीत, पांढऱ्या पिठाच्या डब्यात. मग त्यातनं बारक्या वेगळ्या, लांबड्या वेगळ्या. चाकं एका तांब्यात. चित्रांची पुस्तकं निघाली, ती विडीच्या दोऱ्यानं बांधून गठ्ठा केला. पूर्णिमाची बोटं माझ्यापेक्षा चलाख, तिनं दोन बटणांच्या आन् चार बटणांच्यासुद्धा वेगळ्या केल्या काही. शेवटी सोपा असा मांडून झाला की मला माझाच अभिमान वाटला. म्हटलं, सख्खी बहीण म्हणत्यात ती हीच!

फोन आल्याच्या पाचव्या दिवशी शामू आला. सुहासनं त्याला बेळगावातनं गाडी करून दिली आन् सुहास तसाच रात्रीच्या विमानाला मुंबईला गेला. त्याची लेक अदिती अमेरिकेत असती, तिच्याकडं सहा म्हैन्यांसाठी. त्यो त्या दिवशी शामूबरोबर निपाणीपर्यंत आला असता तर जे काय असेल ते तवाच बोलला असता. पण न्हाय आला.

शामू उंबऱ्यात उभा राहिला. सुपं बघितली, परात बघितली, तांब्यातली चाकं बघितली. मग म्हणला, "पुड्या कुठं हायत आक्का?"

"फोडल्या की! सगळ्या निवडून ठेवल्यात. तू नुसता बस."

कोपऱ्यात रिकाम्या पुड्यांचा ढीग हुता, चुलीत घालता येत न्हाय म्हणून तसाच ठेवलेला. त्यातली एक त्यानं वाकून उचलली. दोनदा हातातनं निसटली, तिसऱ्यांदा धरली. तिच्यावरचा आकडा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. आन् हसला. "लई झ्याक केलंस आक्का," म्हणला. "एवढं कुणी केलं नसतं."

पूर्णिमा लाजली. मी चहा ठेवायला गेले. परत आले तर त्यो परसदारी पायरीवर बसलेला, पाठ माझ्याकडं. मला वाटलं, आजाराचं मनावर घेतलंय. म्या कप शेजारी ठेवला आन् त्याला बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुरवात केली. त्या पुस्तकात अक्षरच न्हाय, सगळी चित्रं. ही वीट, अशा अशा सात, ह्या जागी लावा. मला वाचता येईल असं आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक भेटलं. मी शामूला तसं म्हटलं, तर त्याला लई मजा वाटली. पहिल्या पानावर सात विटा हुत्या. सात सापडेपर्यंत दुपार झाली. काळ्या सुपात हजारो काळ्या, त्यातनं पायजे एकच वाकडा तुकडा, बाजूला भोक असलेला, आन् तसले कमी-जास्त भोकांचे दहा प्रकार. शामू सांगायचा, मी उपसायची. "ही?" "न्हाय, ह्याचं भोक आरपार हाय." "ही?" "ही दुसऱ्या गाडीची." "ही?" "आण बघू. न्हाय."

आन् मी काय म्हणाले असेन त्याला? म्हणाले, "निवडून ठेवलंय म्हणून सात तरी घावल्या रं. न्हायतर म्हैना गेला असता."

त्यो म्हणला, "व्हय."

असंच चाललं. दिवसाला दहा विटा, कवा पंधरा, कवा चार. मला वाटायचं, हे कामच असं कसबाचं हाय, म्हणून तर शहाणी माणसं ह्यात पडत्यात. सापडलेली वीट मी त्याच्या हातात द्यायची आन् त्यो लावायचा. अंगठा आन् पहिलं बोट, दोनच चालायची. ती थरथरायला लागायची. वीट टेकवायचा, नेम धरायचा, मग दाबायचा. कट्ट वाजलं की माझ्याकडं बघायचा. साठीला टेकलेला माणूस, पण तोंडावर असं काय यायचं की माझा जीव तुटायचा. गणपतीत इंजिनाचा सांगाडा झाला आन् चाकं बसली. मी गणपतीपुढं म्हटलं, ह्याचे हात तेवढे राख. बाकीचं काय न्यायचंय ते ने.

गणपतीनं ऐकलं न्हाय. पितरपाटात त्याचा अंगठा गेला. त्यानं विटा टेबलाच्या काठावर ठेवून हनुवटीनं दाबायला सुरवात केली. एकदा त्याची हनुवटी सोलून रक्त आलं. म्या म्हटलं, "दे हिकडं, मी लावते." तवा, आयुष्यात पहिल्यांदा, त्यो माझ्यावर ओरडला. "हात लावू नकोस!" मग म्हणला, "चुकलं आक्का." मी म्हटलं, "ओरड की. तेवढं तर ओरड."

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा करत्यात. एकतीस वर्सं त्यानं लेथला हार घातला. ह्या वर्षी पाटावर आपला मायक्रोमीटर मांडायला लावला, माझी विडीची कात्री मांडली, आन् मध्ये ते अर्धं इंजिन. फूल वाहायला हात उचलला. फूल बोटांत धरलंच न्हाय. मी त्याच्या तळव्यावर ठेवलं, हात धरून इंजिनावर उपडा केला. त्यानं हात तसाच खाली सोडून दिला. थोड्या वेळानं म्हणला, "आता तू लाव."

तवापासनं मी लावायला लागले. त्याच्या हातानं एक गाडी, ही गोष्ट तितंच संपली, हे मला कळत हुतं आन् त्यालाबी. पण मग करायचं काय? दोघांनी समोरासमोर बसून हात बघायचे? म्हटलं, निदान त्याच्या डोळ्यांदेखत पुरी हुईल. मी वीट शोधायची, त्यो मान हलवायचा, मी दाबायची. दिवाळीत त्याचं बोलणं तोंडातल्या तोंडात राहायला लागलं. मार्गशीर्षात शब्द बंद. मग पापण्या. एकदा मिटली की व्हय, दोनदा मिटली की न्हाय. इंजिन निम्म्याहून जास्त झालं हुतं. डबे तर एकबी न्हाय.

संक्रांतीनंतर सुहास आला. अमेरिकेहून परत आल्या आल्या दुसऱ्या दिवशी गाडी काढून निपाणीला. शामूला बघून दारातच त्याचा चेहरा पडला, पण माणूस चांगला, सावरला, जवळ बसला, गोष्टी सांगितल्या. मी चहा घेऊन आले तर त्यो उठून सुपांकडं बघत उभा. काळं सूप, लाल सूप, परात, तांब्या. मला वाटलं आता कौतुक करंल.

"हे कुणी मिसळलं?" त्यो म्हणला.

"मिसळलं न्हाय, निवडलंय. म्या आन् पूर्णिमानं. सगळ्या पेट्यांचं."

पलंगावरनं शामूच्या घशातनं आवाज आला. मी बघितलं तर त्याच्या पापण्या दोनदा, परत दोनदा, परत दोनदा. सुहासला. सुहासला कळलं, त्यो गप्प झाला, चहा प्याला. पण मी बावळट न्हाय. निघाला तसं त्याला दाराबाहेर धरलं. म्हटलं, "खरं सांग. काय चुकलंय? न्हाय सांगितलंस तर तुझ्या गाडीपुढं आडवी पडते."

त्यानं सांगायचं टाळलं, मग सांगितलं. नंबर दर्जाचा नसतोय. नंबर कामाचा असतोय. पहिल्या दिवशी एक नंबरची पुडी फोडायची, तिच्यात पहिल्या पानांपुरत्याच विटा. ती संपली की दोन नंबरची. शोधायचं काहीच नसतंय. समोर पन्नास-शंभर विटा, तेवढ्याच लावायच्या. एका पुडीला एक-दोन तास. थरथरणाऱ्या हातांना एक दिवस.

मग त्यानं फोन काढला. दवाखान्यातनं शामूनं त्याला लिहिलं हुतं, ते वाचून दाखवलं. "चौदा पुड्या आहेत. रोज एक. चौदा दिवस. हात तेवढे नक्की पुरतात."

मी त्याला म्हटलं, परत वाच. त्यानं परत वाचलं.

सुहास गेला. मी आत आले, शामूच्या पलंगावर बसले. "तुला त्या दिवशीच कळलं हुतं?" म्या विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. म्या त्याचं तोंड धरून माझ्याकडं केलं. "उंबऱ्यात. पुडी उचललीस तवा. कळलं हुतं?"

एकदा मिटली.

"मग मुडद्या, बोलला का न्हाईस? दोन थोबाडीत का न्हाय ठेवून दिल्यास? हात हुते की तवा तुला! आन् वर 'झ्याक केलंस' म्हणतोस? मी मूर्खासारखी रोज सांगत बसले, मी निवडलं म्हणून घावतंय, आन् तू व्हय व्हय करत बसलास?" असलं बरंच काय काय बोलले. गल्लीत ऐकू गेलं असेल. त्यानं डोळे मिटले ते उघडलेच न्हाईत. कडेनं पाणी मातुर कानापर्यंत गेलं. तेबी मलाच पुसायला लागलं, त्याला कुठं हात हुता?

आता खरं वाईट सांगते. इतका वेळ सांगितलं ती चूक हुती, अडाणी माणसाची. ह्याच्या पुढचं तसं न्हाय. त्या दिवसानंतर म्या त्या सुपांना हात लावला न्हाय. लावूच शकले न्हाय. लाल सूप दिसलं की मी तोंड फिरवायची. शामू सकाळी डोळे इंजिनाकडं न्यायचा, मग सुपाकडं, मग माझ्याकडं. चल, लाव. मला सगळं कळायचं. मी म्हणायची, पाणी पायजे? कूस बदलू? पापणी दोनदा. मी म्हणायची, मग काय कळंना बाबा, आन् उठून भांडी घासायला जायची. तीन आठवडे असं केलं. त्याला तेवढंच हवं हुतं, दुसरं जगात काय हवं नव्हतं, आन् मला माझ्या अपराधाचं तोंड बघवत नव्हतं म्हणून म्या ते दिलं न्हाय. शिवरात्रीच्या आधी चार दिवस सकाळी श्वास अडकला. डॉक्टर यायच्या आत गेला.

बाराव्याला सुहास आलता. सगळे जेवून गेल्यावर त्यो इंजिनाजवळ जाऊन बसला. फळीवर तसंच हुतं ते, एक बाजू उघडी, वर छप्पर न्हाय. पुस्तक चाळलं, सुपात बोटं घालून बघितलं. मग अगदी हळू म्हणला, "आक्का, इंजिन पुरं करून देऊ काय? जास्त राहिलं न्हाय. मला चार तास लागतील."

चार तास! माझ्या तोंडाला आलतं, आता घेऊन काय चाटू? पण त्याचा काय दोष. म्हटलं, "नको. शामूच्या हातचं जेवढं झालंय तेवढं ऱ्हाऊ दे. त्यावर दुसऱ्याचा हात नको."

त्यानं मान हलवली. गेला बिचारा.

मग मी एकटीच इंजिन मांडीवर घेऊन बसले. म्हटलं, बघू या तरी, माझ्या भावाच्या हातचं किती हाय. विडीचं असं असतंय बघा, शंभर बायकांच्या विड्या एका टोपलीत टाका, मी माझी वळखून काढते. पूर्णिमाची वळखून काढते. माझी आई मेली त्या दिवशी तिच्या सुपात तिच्या हातच्या सहा विड्या हुत्या, त्या दुसऱ्या कुणाच्या म्हणून खपल्या नसत्या. प्रत्येकीचा हात वेगळा, दाब वेगळा, तोंड मुडपायची तऱ्हा वेगळी. तसं काय तरी दिसंल म्हणून म्या ते इंजिन खिडकीत नेलं, खालनं बघितलं, वरनं बघितलं, बोट फिरवलं. ही त्यानं हनुवटीनं दाबलेली असंल, ही खंडेनवमीनंतरची माझी असंल. कुठं काय न्हाय. सगळ्या सारख्याच बसलेल्या, एकीसारखी एक. शामूच्या हातची कुठली आन् माझ्या हातची कुठली, मला वळखू येत न्हाय.